चित्रांची पेढी आणि चित्रांची साक्ष

ग्रंथ किंवा मासिक छापतांना मजकुराची निवड जितक्या काळजीनें होते तितक्या काळजीनें चित्रांची निवड होत नाहीं, ही आपल्या प्रकाशनव्यवहारांतील जुनी उणीव आहे. मजकुरांत एखादी तारीख चुकली तर चार वाचक संपादकांस पत्रें लिहितात. परंतु बनारसच्या हातमागाचें छायाचित्र भिवंडीच्या यंत्रमागावरील लेखांत छापलें गेलें तर त्याबद्दल तक्रार करणारा वाचक विरळाच. मजकूर हा पुरावा आणि चित्र ही शोभा, अशी आपली समजूत होऊन बसली आहे. ही समजूत कशी रूढ झाली, कोणत्या धंद्यानें ती वाढविली, आणि छायाचित्रें पुरविणाऱ्या अनेक संस्थांतून आज एखादी निवडावयाची झाल्यास तिची पारख कशी करावी, याचा इतिहासाच्या आधारें थोडा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

ज्या संस्थांना इंग्रजींत 'स्टॉक फोटो एजन्सी' असें म्हणतात त्यांना आम्ही येथें सोयीसाठीं चित्रपेढी म्हणूं. त्यांचा व्यवहार असा : छायाचित्रकारांनीं आधींच काढून ठेवलेलीं चित्रें पेढी आपल्या संग्रहांत घेते, तीं विषयवार लावते, आणि गिऱ्हाइकास तीं छापण्याची परवानगी मोबदला घेऊन देते. मोबदल्याचा कांहीं भाग छायाचित्रकारास मिळतो. चित्र विकलें जात नाहीं, त्याचा वापर विकला जातो. भिवंडीसारख्या विणकरांच्या गांवास हा व्यवहार समजावून सांगण्याची फारशी गरज पडूं नये. तेथील मागांवर निघणारें पुष्कळसें कापड कोरें असतें. त्यास रंग, छपाई आणि नांव पुढें कोठें तरी दुसरीकडेच मिळतें. तें कोरें असतें म्हणूनच कोणत्याहि व्यापाऱ्याच्या उपयोगी पडतें. चित्रपेढीच्या चित्रांचेंहि बरेचसें असेंच आहे. त्यांतील माणूस कोण, गांव कोणतें, दिवस कोणता, हें जितकें पुसट तितकीं गिऱ्हाइकें अधिक. कापडाच्या बाबतींत हा गुण आहे. चित्राच्या बाबतींत तो सर्वदा गुणच ठरतो असें नाहीं.

या गोष्टीचें मूळ पाहावयाचें तर मुंबईच्याच इतिहासांत शिरावें लागतें. छायाचित्रणाची विद्या मुंबईस फार लवकर आली. १८५४ सालीं तेथें फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि पुढील वर्षीं एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्यें या विद्येचा वर्ग सुरू झाला. डॉ. भाऊ दाजी यांचे बंधु नारायण दाजी हे या सोसायटीच्या कामांत पुढें होते. हरिश्चंद्र चिंतामण यांनीं त्या वर्गांत शिकून स्वतःचा धंदा थाटला. याच मंडळींत विल्यम जॉन्सन नांवाचे एक इंग्रज गृहस्थ होते. त्यांनीं मुंबईचे रहिवासी आणि मुंबईस येणारे पाहुणे यांच्या जातिजमातींवर सचित्र ग्रंथ काढला; त्याचा पहिला खंड १८६३ सालीं आणि दुसरा १८६६ सालीं प्रसिद्ध झाला. छापील ग्रंथासाठीं आपल्या लोकांचीं छायाचित्रें घेण्याचा तो आरंभींचा मोठा उद्योग होय.

त्या ग्रंथांतील बरींच चित्रें मात्र दोन चित्रें जोडून तयार केलेलीं आहेत. माणसें चित्रशाळेंत उभीं करून टिपलेलीं, आणि त्यांच्या मागील देवळें, रस्ते, झाडें हीं दुसऱ्या ठिकाणीं घेतलेल्या चित्रांतून आणलेलीं. यांत जॉन्सन यांची लबाडी होती असें म्हणवत नाहीं. त्या काळीं काचेवर रसायन चढवून ती ओली असतांनाच चित्र घ्यावें लागे आणि लागलीच अंधाऱ्या खोलींत धुवावें लागे. भर रस्त्यांत दहा माणसें स्थिर उभीं करून हें साधणें कठीण होतें. तथापि परिणाम जो व्हावयाचा तो झालाच. वाचकाच्या हातीं जें पडलें तें पाहिलेलें दृश्य नव्हतें, जुळविलेलें दृश्य होतें. आणि त्याखालीं बहुधा माणसाचें नांव नसून जातीचें नांव होतें. एक माणूस साऱ्या जातीचा प्रतिनिधि आणि एक पडदा साऱ्या मुलखाचा प्रतिनिधि, हा चित्रपेढीचा पुढील काळांतील मुख्य प्रघात येथें बीजरूपानें दिसतो.

त्याच सुमारास दुसरी एक पद्धतहि या देशांत रुजली, आणि ती अधिक प्रामाणिक होती. सॅम्युएल बोर्न १८६३ सालीं हिंदुस्थानांत आले. त्यांच्या भागीदारींतून निघालेली बोर्न अँड शेफर्ड ही कंपनी कलकत्त्यास २०१६ पर्यंत चालली. या कंपनीनें आपल्या दृश्यांस क्रमांक दिले, त्या क्रमांकांची यादी छापली, आणि प्रत्येक क्रमांकापुढें स्थळाचें नांव घातलें. अमुक क्रमांक म्हणजे अमुक घाट किंवा अमुक मंदिर, अशी ती रोखठोक नोंद होती. म्हणूनच आज दीडशें वर्षांनंतरहि संशोधक त्या चित्रांचा आधार घेऊं शकतात. तयार चित्रांचा व्यापार करणें आणि चित्राची ओळख सांभाळणें यांत स्वभावतः विरोध नाहीं, हें या उदाहरणावरून स्पष्ट होतें.

आतां आपल्या मराठी छापखान्यांकडे वळूं. पुण्याची चित्रशाळा विष्णुशास्त्री चिपळूणकर व त्यांचे सहकारी यांनीं १८७८ सालीं काढली. देवदेवतांचीं आणि मराठ्यांच्या इतिहासांतील पुरुषांचीं चित्रें शिळाछापावर छापून तिनें घरोघर पोहोंचविलीं. राजा रविवर्मा यांनीं १८९४ सालीं मुंबईंत काढलेला छापखाना पुढें लोणावळ्याजवळ मळवलीस गेला, आणि विसाव्या शतकाच्या आरंभीं फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या हातीं आला. तेथील लक्ष्मी-सरस्वतींचीं चित्रें दिनदर्शिकांवर आलीं, जाहिरातींवर आलीं आणि मालाच्या वेष्टनांवरहि आलीं. कापडाच्या व्यापारांत तर रंगीत चित्रांचीं लेबलें मँचेस्टरच्या मालाबरोबर आधींच आलेलीं होतीं. अक्षरओळख नसलेल्या गिऱ्हाइकास चित्रावरून ठाण ओळखतां येई. एकच चित्र दहा ठिकाणीं गेलें म्हणून यांत कोणाची फसवणूक झाली नाहीं. ठाणावरील लक्ष्मी ही त्या गांवची साक्षीदार म्हणून कोणीच समजत नव्हतें.

अडचण उत्पन्न झाली ती छायाचित्र छापील पानावर मजकुराच्या शेजारीं येऊन बसल्यावर. बारीकमोठ्या ठिपक्यांनीं छायाप्रकाश दाखविणारा हाफटोन ठसा प्रचारांत आला आणि मासिकांस छायाचित्रें छापणें शक्य झालें. दादासाहेब फाळके यांनीं चलच्चित्रांकडे वळण्यापूर्वीं १९०८ च्या सुमारास लोणावळ्यास असाच ठसे करण्याचा व छपाईचा कारखाना काढला होता. काशीनाथ रघुनाथ मित्र यांच्या 'मनोरंजन'नें १९०९ सालीं दिवाळी अंक काढून सचित्र अंकाची आवड मराठी घरांत रुजविली. परंतु ठसा करून घेणें खर्चाचें काम होतें. एकदां केलेला ठसा संपादक जपून ठेवीत, पुन्हां वापरीत, स्नेह्यासोबत्यांस उसनाहि देत. ठसा एका कचेरींतून दुसऱ्या कचेरींत जाई. त्याच्या मागील माहिती सोबत जाईच असें नसे. चित्र हिंडलें आणि त्याची ओळख मागें राहिली. काटकसरीमुळें पडलेली ही संवय ठसे गेल्यावरहि टिकून राहिली.

पाश्चात्य देशांत हाच व्यवहार मोठ्या प्रमाणावर होऊन त्याचा धंदा बनला. अमेरिकेंत फिलाडेल्फियास एच. आर्मस्ट्राँग रॉबर्ट्स यांनीं १९२० सालीं तयार छायाचित्रांची पेढी काढली. जर्मनी सोडून आलेल्या ऑटो बेटमन यांनीं १९३६ सालीं न्यूयॉर्कमध्यें ऐतिहासिक चित्रांचा संग्रह उघडला. मुंबईंत जगदीश अगरवाल यांनीं १९८७ सालीं दिनोदिया ही पेढी सुरू केली, आणि हिंदी जीवनाचीं चित्रें हिंदी प्रकाशकांस एका ठिकाणीं मिळूं लागलीं. पुढें संगणकाचें युग आलें. १९९५ सालीं गेटी ही कंपनी निघाली. २००० सालीं आयस्टॉक व २००३ सालीं शटरस्टॉक निघालें. या शेवटच्या दोहोंनीं चित्रांचे भाव इतके खालीं आणले कीं, पूर्वीं एका चित्रास जें मोल पडे त्यांत आतां चित्रांचा ढीग येऊं लागला. २००६ सालीं गेटीनें आयस्टॉक पांच कोटि डॉलरांस विकत घेतलें, यावरून या स्वस्त मालाची सत्ता किती वाढली होती हें कळून येईल.

स्वस्ताईचा लाभ आम्ही नाकारीत नाहीं. लहान प्रकाशकास, शाळेच्या वार्षिकास, एखाद्या हौशी संपादकास आज जीं चित्रें सहज मिळतात तीं मिळविण्याचें सामर्थ्य पूर्वींच्या मोठ्या मासिकांतहि नव्हतें. परंतु या लाभाबरोबर एक गोष्ट हातची गेली. जुन्या पद्धतींत चित्र कोणत्या पुस्तकासाठीं, किती प्रतींसाठीं, कोणत्या देशासाठीं दिलें याची पेढी नोंद ठेवीत असे, आणि तेंच चित्र दुसऱ्या कोणास दिलें आहे कीं काय हें विचारतां येई. नव्या पद्धतींत एकदां पैसे भरले कीं वाटेल तितक्यांदां वापरण्याची मोकळीक असते, आणि तशीच ती इतर हजारों गिऱ्हाइकांस असते. गेटीनेंहि सजावटीच्या व जाहिरातीच्या चित्रांपुरती ती जुनी नोंदवार पद्धत २०२० सालीं बंद केली. तेव्हां आपल्या कादंबरीच्या मुखपृष्ठावरील स्त्री उद्यां एखाद्या मलमाच्या जाहिरातींत दिसली तर प्रकाशकानें नवल करूं नये.

मुखपृष्ठाची ही फजिती फार तर हंसण्यावारी नेतां येईल. खरी हानि कोठें होते हें पाहण्यासाठीं भिवंडीचेंच उदाहरण घेऊं. या शहरांत ७ मे १९७० रोजीं शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळीं भीषण दंगल उसळली. तिच्या चौकशीसाठीं न्यायमूर्ति मादन यांचा आयोग नेमावा लागला. मे १९८४ मध्यें तेथें पुन्हां तसाच अनर्थ झाला. दोन्ही वेळीं जळालेल्या घरांचीं आणि मागांचीं चित्रें देशभर गेलीं, आणि भिवंडी म्हटलें कीं आग, असा ठसा वाचकांच्या मनावर उमटला. १९८८ सालीं सुरेश खोपडे हे तेथें पोलीस उपायुक्त म्हणून आले. त्यांनीं मोहल्ल्यामोहल्ल्यांतून दोन्ही समाजांच्या सामान्य माणसांच्या समित्या उभारल्या. पुढें डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्यें मुंबई जळत असतां भिवंडी शांत राहिली. याच प्रश्नाचा विचार करणारें पुस्तकहि खोपडे यांनीं लिहिलें आहे.

आतां कल्पना करा कीं, १९९२ सालावरील एखाद्या ग्रंथांत संपादकानें 'दंगल, ठाणें जिल्हा' एवढ्याच शब्दांवर चित्र शोधलें आणि १९८४ चें चित्र छापलें. मजकुरांत एक अक्षरहि खोटें नसतां तो ग्रंथ खोटें बोलेल. आणि ज्या शहरानें मोठ्या प्रयासानें आपला कलंक धुतला त्याच्या कपाळीं तो पुन्हां लावील. चित्राखालील एका तारखेचें मोल केवढें असतें तें यावरून समजावें. शांततेचें चित्र निघत नाहीं, हें तर या प्रकरणांतील अधिकच दुर्दैव आहे. आग लागल्यावर छायाचित्रकार धांवतात. समितीची बैठक भरली आणि तंटा मिटला, तर तेथें कोण जाणार? पेढीचा संग्रह जें घडलें त्याचा आरसा नसतो; जें खपेल असें वाटलें त्याचा तो सांठा असतो.

आणि आतां तर घडलेलेंहि नसतांना चित्र तयार होऊं लागलें आहे. यंत्रबुद्धीनें रचलेलीं चित्रें कांहीं पेढ्या विक्रीस ठेवतात. २०२३ सालीं गाझांतील युद्धाचीं म्हणून अशीं रचलेलीं चित्रें अडोबीच्या पेढींत सांपडलीं. तीं यंत्रानें केलेलीं आहेत अशी खूण तेथें होती; तरीहि त्यांतील एक चित्र कांहीं ठिकाणीं ती खूण न सांगतां छापलें गेलें. जॉन्सन यांच्या चित्रांत निदान माणूस खरा होता आणि देऊळहि खरें होतें. येथें दोन्ही नाहींत.

ओळखीच्या प्रश्नाइतकाच हक्काचा प्रश्नहि महत्त्वाचा आहे, आणि त्याविषयीं आपल्याकडे बरेंच अज्ञान दिसतें. १९५७ च्या कायद्यांत छायाचित्राचा हक्क त्याच्या प्रसिद्धीपासून मोजला जात असे. १९९२ च्या दुरुस्तीनंतर ती मुदत ६० वर्षें होती. २०१२ च्या दुरुस्तीनें ती तरतूद गेली, आणि छायाचित्रकारहि ग्रंथकाराप्रमाणें हयातभर व मरणोत्तर ६० वर्षें हक्कदार झाला. परवानगीच्या लेखांत मुदत लिहिली नसेल तर ती पांच वर्षें समजली जाते; प्रदेश लिहिला नसेल तर तो हिंदुस्थानापुरता समजला जातो. ज्या प्रकाशकाचीं पुस्तकें लंडनच्या किंवा न्यू जर्सीच्या मराठी कुटुंबांत जातात त्यानें हीं दोन कलमें तरी वाचून ठेवावींत. उलट, पैसे देऊन आपण स्वतः काढवून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला मालक, वेगळा करार नसल्यास, काढवून घेणारा असतो. हा लाभ आपल्या प्रकाशकांच्या क्वचितच ध्यानांत येतो.

पेढीजवळ चित्र आहे म्हणजे तें तिचेंच आहे, असेंहि गृहीत धरूं नये. कॅरल हायस्मिथ या अमेरिकन छायाचित्रकर्त्रीनें आपलीं हजारों छायाचित्रें लायब्ररी ऑफ काँग्रेस या ग्रंथालयास लोकांच्या मुक्त उपयोगासाठीं दिलीं होतीं. २०१५ च्या अखेरीस, एका चित्रपेढीच्या वतीनें, तिनेंच काढलेल्या चित्राच्या वापराबद्दल तिच्याच संस्थेकडे १२० डॉलरांची मागणी आली! तिनें दावा लावला. परंतु चित्रें मुक्त केलेलीं असल्यामुळें तिच्या मुख्य मागण्या टिकल्या नाहींत. जें फुकट मिळत होतें त्याचे पैसे घेणाऱ्या पेढ्या आहेत, एवढा बोध आपल्यास पुरे.

तर मग पेढी निवडावी कशी? भाव आणि संख्या यांवरून निवडूं नये, असें आमचें मत आहे. पहिल्यानें चित्राखालील नोंद वाचावी : स्थळ, दिनांक, छायाचित्रकाराचें नांव आणि चित्रांत काय चाललें आहे, हीं चार अंगें जिच्या नोंदींत नेमानें सांपडतात ती पेढी चांगली. आपल्या माहितीचें एखादें गांव शोधून पाहावें. यंत्रमाग मागितला असतां जी पेढी हातमाग पुढें करते तिच्या इतर नोंदींवर किती विसंबावें हें उघड आहे. दुसऱ्यानें, चित्र केवळ वृत्तासाठीं व लेखासाठीं आहे कीं जाहिरातीसहि चालेल, आणि त्यांतील माणसाची लेखी संमति आहे कीं नाहीं, हें पाहावें. मागावर बसलेल्या कामगाराचा चेहरा त्याच्या संमतीवांचून विक्रीच्या कामीं लावणें शिष्टपणाचें नाहीं. तिसऱ्यानें, यंत्ररचित चित्रें वेगळीं काढतां येतात कीं नाहीं हें पाहावें. चौथ्यानें, परवान्याची मुदत, प्रदेश व प्रतींची मर्यादा पाहावी. कांहीं मोठ्या पेढ्यांच्या साध्या परवान्यांत ही मर्यादा ५,००,००० छापील प्रतींची असते. मराठी प्रकाशकास ती ओलांडण्याचें भय नाहीं, ही गोष्ट आम्ही दुःखानेंच नमूद करतों.

आणि शेवटचें सांगणें असें कीं, कांहीं चित्रें कोणत्याहि पेढींत मिळावयाचीं नाहींत. कामवारी नदीच्या कांठचें जुनें गांव, उत्तरेकडून आलेल्या मोमीन विणकरांच्या वस्त्या, लोनाडची लेणीं, पहांटेच्या पाळीस निघालेला कामगार, नाशिक रस्त्याच्या बाजूस भातखाचरांच्या जागीं उभीं राहिलेलीं गोदामें, हें सारें खप होण्याजोगें नाहीं म्हणून कदाचित् कोणी टिपणार नाहीं. तेथें प्रकाशकानें गांवांतील एखाद्या होतकरू छायाचित्रकारास दोन दिवसांची मजुरी द्यावी आणि चित्रामागें स्थळ, दिनांक व नांवें लिहून घ्यावींत. हा खर्च पेढीच्या दरापेक्षां अधिक पडेल; पण पन्नास वर्षांनीं भिवंडीचा इतिहास लिहिणाऱ्यास आधार मिळेल तो याच चित्रांचा. शोभेचें चित्र कोठूनहि आणावें. साक्षीचें चित्र मात्र, ज्यानें पाहिलें त्याच्याकडूनच आणि त्याच्या नांवानिशीं घ्यावें.